दुसऱ्या खिडकीच्या अंतर्यामी

दवाखान्याला खिडक्या अकरा, पण रोजची झुंबड दोनच खिडक्यांपुढे. पहिल्या खिडकीवर नाव, वय, पत्ता सांगून केसपेपर घ्यायचा आणि रांगेतून सरकत सरकत दुसऱ्या खिडकीपाशी यायचं. दुसऱ्या खिडकीचं काम एवढंच, की माणसाला काय होतंय ते विचारायचं, कागदावर दोन शब्दांत लिहायचं आणि त्यानं कुठल्या खोलीत जायचं तो आकडा टाकायचा. या दुसऱ्या खिडकीत बाई बावीस वर्षं बसत होत्या. फार दिवस बसलं की खुर्चीला माणसाचा आकार येतो म्हणतात. बाईंची खुर्ची लाकडाची होती, त्यामुळे आकार बाईंनाच आला होता.

खिडकीला काच होती, पण ती नावाला. वरपासून खालपर्यंत तिच्यावर नोटिसा डकवलेल्या. थुंकू नये, रांग मोडू नये, आरडाओरडा करू नये, शिवाय एका मोफत नेत्रतपासणीची जाहिरात, जिची तारीख उलटून तीन वर्षं झाली होती. खाली वीतभर फट. त्या फटीतून बाईंना माणूस दिसायचा तो बोटांपासून कोपरापर्यंत. चेहरा पाहायचा तर मान वाकडी करून टेबलाशी नाक टेकवावं लागे, आणि बाईंच्या मानेनं त्या कामाला नोकरीच्या सातव्या वर्षीच साफ नकार दिला होता.

मग बाई हातच वाचायला शिकल्या. पोट दुखणारा माणूस एकाच हातानं कागद देतो, दुसरा पोटावर असतो. दात दुखणारा कागद देत नाही, फेकतो. तापाचा हात आत आला की टेबलावरची हवा बदलते. तान्ह्या मुलाच्या आईचा कागद ओला असतो, कारण दोन्ही हातांत पोर म्हणून तिनं तो दातात धरून आणलेला असतो. आणि डोळ्यांचा पेशंट फटीच्या शेजारची भिंत चाचपत बसतो. ‘काय होतंय?’ हा प्रश्न बाईंनी केव्हाच सोडून दिला होता. विचारलं की माणूस ‘त्याचं असं झालं, परवा आमच्याकडे पाहुणे आले होते’ इथून सुरुवात करतो, आणि मागे साठ माणसं चुळबुळत उभी. त्यापेक्षा हात बघायचा, लिहायचं, आकडा टाकायचा आणि म्हणायचं, ‘पुढचा.’ रोजचे चारशे हात. नाव वाचायचा प्रश्नच नव्हता, ते पहिल्या खिडकीचं खातं. आणि खरं सांगायचं तर बाईंचा आकडा शंभरात पाच वेळाही चुकत नसे.

पहिल्या खिडकीत एक भाऊ बसत, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. त्यांना दिवसभर बोलायला कुणीतरी लागे आणि कुणी नसलं तर ते स्टेपलरशी बोलत. त्यांनीच बाईंचं नाव ठेवलं, ‘अंतर्यामी’. ‘अंतर्यामी आल्या का?’ ‘अंतर्यामी, आमच्या मनात काय आहे सांगा बघू.’ ‘चहा,’ बाई मान वर न करता म्हणत. भाऊंच्या मनात दुसरं काही असण्याची शक्यता फार कमी होती, तरी ते दर वेळी टाळी वाजवत.

ही विद्या बाई काही दवाखान्यात शिकल्या नव्हत्या. त्यांचे वडील तापट. संध्याकाळी जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज आला की पाच-सहा वर्षांची ही मुलगी कान टवकारी. दोन्ही चपला सारख्या वाजल्या तर ठीक. डावी फरफटत आली तर आज कुणाच्या तरी पाठीत धपाटा बसणार, तेव्हा पुस्तक उघडून बसायचं आणि धाकट्या भावाला गप्प करायचं. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते त्याच्या आधी ओळखायचं, म्हणजे मार चुकतो, एवढं शहाणपण त्या घरानं बाईंना दिलं होतं. त्याची पुढं नोकरी झाली, टोपणनाव झालं आणि शेवटी अभिमान झाला. बाईंना त्याचा थकवा येई, पण थकवा आणि अभिमान एकाच घरात सुखानं नांदू शकतात.

घरी तरी वेगळं काय असणार? नवरा शीतगृहात कामाला. दिवसभर थंडीत राहून बोलणं गोठलेला माणूस. लग्नानंतर पहिल्या वर्षातच त्यानं वाटणी मान्य केली होती, की बोलण्याचं खातं बायकोकडे आणि मान हलवण्याचं आपल्याकडे. ‘तुमचं डोकं दुखतंय,’ बाई सांगत आणि तो मुकाट गोळी घेई. दुखत नसलं तर पाच मिनिटांत दुखू लागे.

आणि लेक. लग्नानंतर आठ वर्षांनी झालेली एकुलती एक. पाळण्यात होती तेव्हा बाईंची विद्या सोन्याची ठरली. पोर रडायला तोंड उघडायच्या आत बाईंना कळे, भूक आहे, की झोप आहे, की लंगोट ओला आहे. शेजारच्या बायका तोंडात बोट घालत. यात बाईंचं काही चुकलं असं म्हणणाऱ्याची जीभ झडो, कारण तान्ह्या पोराला बोलता येत नाही आणि कुणीतरी त्याच्या वतीनं बोलावंच लागतं. गोची एवढीच झाली, की पोर बोलायला लागलं तरी बाईंचं बोलणं थांबलं नाही. ‘तुला निळा आवडतो.’ ‘तुला गाणं शिकायचंय.’ ‘तुला त्या मैत्रिणीचा राग आलाय, मला माहीत आहे.’ पोरगी आधी आईच्या तोंडाकडे बघे, मग मान हलवी. बापाची मान, म्हणून सगळे हसत.

चौदावं सरता सरता लेकीच्या रूपानं घरात रोज नवीन मुलगी राहायला येऊ लागली. दोन महिने ती बाकावरच्या मैत्रिणीसारखी बोलत होती, तेच हेल, तेच हसणं, भांगसुद्धा तिच्यासारखा. ती मैत्रीण गेली आणि दुसरी आली, तर चित्रकला हेच आपलं आयुष्य असं ठरलं. महिन्यात रंग सुकले. मग केस कापले, मग ते का कापले म्हणून रडली. बाई म्हणाल्या, ‘वयच आहे.’ नवऱ्यानं मान हलवली. मग एका सोमवारी ती शाळेत गेली नाही. मंगळवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी विचारलं, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, “सगळ्यांना माझा वैताग येतो.”

“असं कोण म्हणालं तुला?”

“म्हणायला कशाला पाहिजे? मला कळतं.”

हे वाक्य आपण कुठंतरी ऐकलंय असं बाईंना वाटलं. कुठं ते सुचलं नाही. त्यांनी मोबाइल काढून घेतला, कारण त्यांच्या मते सगळी कीड तिथून होती. मोबाइल गेला, पोरगी तशीच राहिली. दिवसेंदिवस बिछान्यात, छताकडे बघत. “अगं पण तुला झालंय तरी काय?” बाई कळवळून विचारत, आणि तिचं उत्तर ठरलेलं असे, “तूच सांग.” बाईंना तो उद्धटपणा वाटे. एकदा हात उगारला गेला, आणि तो हवेतच आवरून त्या स्वयंपाकघरात जाऊन रडल्या.

शेवटी शाळेचं पत्र आलं. हजेरी कमी भरते. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणा, मुलीला काय झालंय आणि ती कधी येणार ते त्यात लिहिलेलं असावं, नाहीतर वर्ष गेलं समजा. दवाखान्यात चौदा नंबरच्या खोलीत दर बुधवारी दुपारी वयात येणाऱ्या मुलांसाठी एक मनाची डॉक्टरीण बसू लागली होती. बाईंनी तिथं आजवर शेकडो कागद पाठवले होते. ज्या हाताची नखं खाल्लेली आणि ज्याच्या शेजारी दुसरा, मोठ्या माणसाचा हात कागद ओढून घेत असतो, तो चौदा नंबर. आता आपलाच कागद तिथं जाणार होता. तोही कागद त्यांनीच भरला. भाऊंकडून कोरा घेतला, नाव-वय स्वतः लिहिलं आणि तक्रारीच्या रकान्यात वळणदार अक्षरात उतरवलं: ‘अभ्यासात लक्ष नाही, चिडचिड, मोबाइलचं वेड, गर्दीत त्रास.’ पोरगी शेजारी उभी होती. तिला विचारावं असं बाईंच्या मनातही आलं नाही. बावीस वर्षांत कुणाला विचारलं होतं?

डॉक्टरीण कोवळी होती. हिच्या वयाइतकी तर माझी नोकरी, असं बाईंना बसता बसताच वाटलं. तिनं कागद वाचला आणि विचारलं, “हे कुणी लिहिलं?”

“मीच. माझं कामच आहे ते.”

डॉक्टरीण मुलीकडे वळली. “आईनं लिहिलंय, गर्दीत गेलं की तुला त्रास होतो. होतो का?”

“हो.”

“की एकटी असलीस की जास्त होतो?”

“हो.”

“अगं, दोन्ही कसं होईल?” बाई मध्येच म्हणाल्या.

“मग तू म्हणशील ते,” लेक म्हणाली. त्यात उद्धटपणा नव्हता. दुकानात दोन वस्तू समोर ठेवल्यावर, आपल्याला कुठली घ्यायला सांगितली होती ते विसरलेलं पोर जसं घाबरून बघतं, तशी ती आईकडे बघत होती. बाईंना एकदम उमगलं. ‘तूच सांग’ म्हणताना ही आपल्याला उलटून बोलत नव्हती. खरंच विचारत होती.

पण बाई अशा लगेच हार जाणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी शाळेचं पत्र पुढे केलं. “डॉक्टर, शुक्रवार-शुक्रवार करत महिना जाईल. तुम्ही सही करून टाका. मी इथलीच आहे.”

“सही करते की. पण वर लिहू काय? हिला काय झालंय ते मला माहीत नाही.”

“लिहिलंय ना मी.”

“ते तुम्हाला काय वाटतं ते झालं, ताई. हिला काय वाटतं ते अजून हिलाच सापडलेलं नाही. ते हिच्या तोंडून येऊ दे, मी लगेच लिहिते.”

“पंधरा वर्षांच्या मुलीला आपल्याला काय वाटतं ते कळत नाही?”

“शोधायची वेळच आली नसेल तिच्यावर,” डॉक्टरीण म्हणाली. आवाज गोड होता, म्हणून बाईंना ते जास्त लागलं. मग तिनं दोघींना गृहपाठ दिला. आईनं मुलीच्या मनात काय आहे ते मुलीला सांगायचं नाही. विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायचं. मुलीनं, अमकीला माझा राग आहे असं मनात आलं, की त्याला ‘असं मला वाटतं’ एवढं शेपूट जोडायचं.

“आणि उत्तर आलंच नाही तर?” बाईंनी विचारलं.

“तर थांबायचं.”

चारशे हात वाचणं सोपं, हे थांबणं महाकठीण, असं बाईंचं मत पहिल्याच संध्याकाळी पक्कं झालं. “तुला भू…” म्हणून त्या थबकल्या. नवऱ्यानं काळजीनं विचारलं, “ठसका लागला का?” दुसऱ्या दिवशी “थंडी वाजतेय तुला” हे ओठांवर आलेलं वाक्य गिळलं, त्याचा “थंडी वाजतेय का?” असा प्रश्न केला आणि हातात चादर धरून पोरीच्या उशाशी उभ्या राहिल्या. पाच मिनिटं. सात मिनिटं. “माहीत नाही,” पोरगी म्हणाली. बाई चादर घेऊन परत गेल्या. भाजी कुठली करू, तर काहीही. काहीही नावाची भाजी बाजारात मिळत नाही हे तोंडावर आलेलं त्यांनी ओठ दाबून आत ठेवलं. कामावरून थकून यायचं आणि घरी पुन्हा हे मुक्यानं उभं राहणं, पायांत गोळे येत होते. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर डोळ्यांसमोर स्वच्छ दिसत असताना अडाण्यासारखं बघत राहायचं, याच्याइतका अपमान बाईंचा वडिलांनीसुद्धा केला नव्हता.

सहाव्या दिवशी जेवताना लेक ताटाकडे बघत म्हणाली, “मला वाटतं, मला पंखा नकोय.” मरणाचं उकडत होतं. पोरीच्या कपाळावर घाम दिसत होता. बाईंचं तोंड उघडलं, मिटलं, आणि त्यांनी उठून पंखा बंद केला. तिघं घामाघूम होऊन जेवली. नवरा अर्ध्या जेवणातून ताट घेऊन गॅलरीत गेला. थोड्या वेळानं पोरगी म्हणाली, “लावला तरी चालेल. मला नुसतं बघायचं होतं.” काय बघायचं होतं ते बाईंनी विचारलं नाही. रात्रभर त्यांना त्या पंख्याचं उगाच बरं वाटत राहिलं.

त्याच आठवड्यात त्यांनी खिडकीवरही एकदा विचारून पाहिलं. एक जाडजूड, काम केलेला हात आला होता. छाती, दोन नंबर, हे दिसतच होतं. तरी त्या म्हणाल्या, “काय होतंय?” बाहेरचा माणूस गोंधळला. मग त्यानं त्याचं असं झालं इथून जी सुरुवात केली, ती सुनेपर्यंत आली तेव्हा रांग फाटकाबाहेर गेली होती आणि मागून कुणीतरी, आत मेलंय की काय कुणी, असं ओरडत होतं. बाईंनी दोन नंबर टाकला. ‘पुढचा.’ सगळ्यांचं सगळं ऐकायला बसलं तर हा दवाखाना दुपारपर्यंत बंद पडेल, हे काही खोटं नाही.

दुसरा बुधवार असाच गेला, हो आणि माहीत नाही यांत. तिसरा बुधवार आला तेव्हा शुक्रवार दोन दिवसांवर होता.

डॉक्टरिणीला वॉर्डात तातडीचं बोलावणं आलं होतं, म्हणून मायलेकी चौदा नंबरच्या बाहेर बाकड्यावर बसल्या. समोरच दोन्ही रांगा. बावीस वर्षांत बाईंनी आपली खिडकी या बाजूनं अशी निवांत कधी पाहिली नव्हती. आज तिथं बदली कारकून होता आणि तो प्रत्येकाला विचारत होता, त्यामुळे रांग जागची हलत नव्हती. बाहेरून नोटिसाच नोटिसा दिसत होत्या. आत माणूस आहे की नाही तेही कळत नव्हतं. बाईंना त्याची गंमत वाटावी इतकीही ताकद उरली नव्हती. शुक्रवार गेला, वर्ष गेलं, हे त्यांनी सकाळी भांडी घासतानाच मनातल्या मनात मान्य करून टाकलं होतं. त्या काही विचारत नव्हत्या. थांबायचं म्हणून नाही, दमल्या होत्या म्हणून.

“इथं किती वेळ लागतो गं?” लेक रांगेकडे बघत म्हणाली.

“मी असले की पस्तीस मिनिटं. आजचं विचारू नकोस.”

“बेचाळीस लागतात.”

“कुणी सांगितलं?”

“मी उभी होते.”

शक्यच नाही, हे शब्द बाईंच्या जिभेवर आले होते. पंधरा दिवसांच्या सवयीनं ते तिथंच अडले. एक स्ट्रेचर गेला. त्याचं एक चाक कुरकुरत होतं. 

“गेल्या वर्षी, सहामाहीच्या आधी,” लेक म्हणाली. “वर्गात एकदम श्वासच येईना. हात थरथरायला लागले. वाटलं, मी मरतेय. कुणाला सांगितलं नाही. मधल्या सुट्टीत निघाले आणि इकडे आले. म्हटलं, आईला कळेल. मागच्या दारानं येता आलं असतं, पण रांग मोडलेली तुला चालत नाही. म्हणून उभी राहिले. पहिल्या खिडकीत त्या दिवशी भाऊ नव्हते.”

“मग?” बाईंनी विचारलं.

“मग कागद आत सरकवला. तू अशक्तपणा लिहिलंस. सहा नंबर टाकलास. म्हणालीस, ‘रक्त तपासून घे. पुढचा.’”

समोरची रांग एक पाऊल पुढे सरकली.

“माझं नाव होतं त्यावर. बाबांच्या नावासकट, पूर्ण. मी काही बोलले नाही, कारण तुला कळतंच. म्हणजे तू ओळखलंस, आणि तरी पुढचा म्हणालीस. मी आलेली तुला नको होते. कामाच्या वेळी तमाशा नको, असं तुझ्या मनात होतं. मी घरी आले, कागद फाडून टाकला. तेव्हापासून मला सगळ्यांच्याच मनातलं कळायला लागलं.”

बाईंना तो दिवस आठवेना. त्यांनी जीव तोडून आठवून पाहिलं. थरथरणारा, बारीक, शाळकरी हात. असे हात आठवड्यात दहा येत. त्यातला एक त्यांच्या पोटचा होता आणि त्यांनी त्यावर सहा नंबर टाकला होता. आता काय बोलायचं? एक वाक्य तयार होतं आणि ते आईला शोभणारं होतं: ‘मला शंका आली होती गं, पण मागे एवढी रांग, काय करणार?’ पोटच्या मुलीला ओळखलंच नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? ओळखून लोटलं म्हटलं तर निदान आई कामाची पक्की ठरत होती. ओळखलंच नाही म्हटलं तर बावीस वर्षांत काही उरत नव्हतं. बाईंनी लेकीकडे पाहिलं. पोरगी त्यांच्या तोंडाकडे बघत होती, नेहमीसारखीच, आता कुठल्या उत्तराला मान हलवायची ते कळायची वाट पाहत. बाईंना स्वतःची शरम वाटली.

“मी ओळखलं नाही तुला,” त्या म्हणाल्या.

“खोटं.”

“खोटं नाही. नाव मी वाचत नाही. कुणाचंच वाचत नाही. हात बघते आणि लिहून टाकते. तुझा हात आला होता हे मला आत्ता, तू सांगितलंस तेव्हा कळलं. माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नव्हतं त्या वेळी. तू नको असंही नव्हतं. तिथं तू आहेस हेच मला माहीत नव्हतं.”

लेक आईकडे बघतच राहिली. एक अख्खं वर्ष तिनं ज्यावर उभं केलं होतं, ते पायाखालून कुणी काढून घेतल्यासारखी. मग तिचा आवाज चढला. आजवर या मुलीचा आवाज असा चढलेला बाईंनी ऐकला नव्हता. “मग इतकी वर्षं कशाला म्हणत होतीस, तुला सगळं कळतं म्हणून?”

रांगेतल्या दहा-बारा माना इकडे वळल्या. आरडाओरडा करू नये ही नोटीस बाईंच्याच अक्षरात होती.

“माहीत नाही गं,” बाई म्हणाल्या. खरंच माहीत नव्हतं.

पोरगी रडायला लागली. ओठ वाकडे करून, नाक गळत, लहानपणी रडायची तशी. बाईंचा हात आपोआप उचलला गेला, आणि वाटेतच थांबला. “जवळ घेऊ का?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला विचारला होता. लेकीनं जोरानं मान हलवली. नको. ती मान बापाची नव्हती. बाईंनी हात मांडीवर ठेवला आणि तो तिथंच धरून बसल्या. उठून जावंसं वाटत नव्हतं.

डॉक्टरीण धापा टाकत आली. तिनं मुलीचं तोंड पाहिलं, आईचं पाहिलं आणि काही अंदाज बांधला नाही. “आत येतेस?” तिनं विचारलं. “आईनं यायचं, की नको?”

लेकीनं बाहीला नाक पुसलं. विचार केला. बराच वेळ केला, आणि या वेळी आईकडे न बघता केला. “आत्ता नको,” ती म्हणाली. “आधी मला एकटीला सांगायचंय. ती बाहेर असू दे. मग मी बोलावते.”

दार लागलं. आतून काही ऐकू येत नव्हतं. बाई ऐकायचा प्रयत्नही करत नव्हत्या. शुक्रवारची त्यांना आठवण झाली नाही. पाय सुन्न झाले होते, डोळे चुरचुरत होते आणि बाकड्याची कड कमरेत रुतत होती.

पहिल्या खिडकीचे भाऊ दोन्ही हातांत चहाचे पेले सांभाळत आले. एक पेला त्यांनी बाईंच्या शेजारी ठेवला आणि बंद दाराकडे हनुवटी करत हळू आवाजात विचारलं, “काय म्हणतेय लेक? काय निघालं मनात?”

“मला माहीत नाही,” बाई म्हणाल्या. “ती सांगतेय आत.”